खिडकीतली वडी

स्कारलंड गावात एखादा म्हातारा गेला की त्याची बंदूक मुलाकडे जाते, ट्रक जावयाकडे जातो आणि कुत्रं ज्याच्याकडे राहायला तयार होईल त्याच्याकडे जातं. शिसं मात्र विकायचं नसतं. गोळ्या ओतायचं भांडं, साचे आणि आयुष्यभर जमवलेलं शिसं, जो कोणी नव्याने सुरुवात करणार असेल त्याला तसंच देऊन टाकायचं. हे कुठेही लिहिलेलं नाही. बहुधा म्हणूनच पाळलं जातं.

त्यामुळे ओर्विल ट्वेट गेला, त्यानंतर महिन्याभराने त्याच्या बायकोचा, सिग्नेबाईंचा, डेल्मर हॉगेनला फोन आला.

"मास्तर, तुम्ही गोळ्या ओतायचं म्हणताय असं ऐकलं. ट्रक घेऊन या. आणि कमरेला पट्टा बांधून या, वजन आहे."

डेल्मरने गावच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. सिग्नेबाईंची तीन मुलं त्याच्या हाताखालून गेली. त्यातलं एक त्याने सदसद्विवेकबुद्धीच्या विरोधात जाऊन पास केलं होतं. आता तो निवृत्त होता आणि त्याला एकच इच्छा होती: भिंतीवर लटकलेल्या आजोबांच्या बंदुकीने नोव्हेंबरात एक हरीण मारायचं. तिच्या मापाच्या गोळ्या दुकानात मिळेनाशा होऊन पन्नास वर्षं झाली होती. त्या स्वतःच ओतायला हव्या होत्या. फेब्रुवारीत त्याच्या छातीत दुखून गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, एखादा हलकाफुलका छंद लावून घ्या. शिसं हलकं नसतं. पण डॉक्टरांनी तपशील विचारला नव्हता.

सिग्नेबाईंनी दिलं त्यात एक बिडाचं भांडं होतं, त्याच्या कानावर कोणीतरी खिळ्याने 'टी. एल.' कोरलेलं, आत निम्म्यापर्यंत ओर्विलचं उरलेलं शिसं गोठलेलं. दोन साचे होते, एक पळी होती. आणि मफिन केकच्या पत्र्याच्या साच्यात ओतून ठेवलेल्या शिशाच्या अठ्ठेचाळीस गोल वड्या. शिवाय एक पुठ्ठा, ओर्विलच्या अक्षरातला: 'पाणी नाही. थेंबसुद्धा नाही.'

डेल्मरने पुठ्ठा शेडच्या दारावर ठोकला आणि बायकोला, बर्निसला, वर्गातल्या आवाजात समजावून सांगितलं. वितळलेल्या शिशाच्या पोटात पाण्याचा एक थेंब गेला तर क्षणात त्याची वाफ होते. सतराशे पट जागा लागते तिला. वरचं शिसं मग—

"उडतं," बर्निस म्हणाली.

"उडतं."

"मग तसं सांग ना. घंटा व्हायला अजून अर्धा तास आहे की काय?"

बर्निसला एकाच डोळ्याने दिसायचं. डावा डोळा बाराव्या वर्षी गवताच्या काट्याने गेला होता. उजवा चांगला होता आणि त्यावर तिचं विणकाम, गाडी चालवणं, चर्चचा हिशोब आणि डेल्मर असं सगळं चालायचं. म्हणून ती शेडमध्ये यायला नको, असं त्याचं म्हणणं. त्याची छाती अशी, म्हणून तो शेडमध्ये एकटा नको, असं तिचं म्हणणं. चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस या वादात चार मिनिटं टिकला. ती भांड्यापासून तीन हातांवर स्टूल टाकून लोकर घेऊन बसली. मोठा संरक्षक चष्मा तिच्या चष्म्यावर बसेना, तो तिने गळ्यात अडकवला.

"एक डोळा तुझ्यावर नजर ठेवायला पुरतो," ती म्हणाली.

पहिल्या दिवशीच्या गोळ्या मनुकांसारख्या सुरकुतलेल्या निघाल्या. साचा थंड होता. त्याने त्या परत भांड्यात टाकल्या. मळ वर यावा म्हणून मेणाचा तुकडा टाकला, धूर झाला, वर आलेली राख पळीने काढली, पुन्हा ओतलं. दुपारपर्यंत साचा तापला आणि जाड टॉवेलवर एक गोळी पडली, नितळ, करड्या चांदीची, कडा धारदार. दोघं तिच्याकडे नातवंडाकडे बघावं तसं बघत राहिली. नॉर्वेहून आलेल्या लोकांच्या घरात यापलीकडे आनंद व्यक्त करायची पद्धत नाही.

पुढच्या शनिवारी शेड उघडली तेव्हा एक वडी खिडकीच्या फळीवर होती.

बाकीच्या ढिगात होत्या, त्याने रचल्या तशाच, आठ-आठच्या थराने. ही एकटी खिडकीत. बर्निसने ठेवली असेल, असं धरून त्याने ती ढिगात परत ठेवली. सोमवारी ती पुन्हा खिडकीत होती.

"माझं शिसं खिडकीत कशाला ठेवतेस?"

"मी कशाला ठेवू? तूच विसरला असशील. मागच्या आठवड्यात तू चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होतास."

हे खरं होतं. पण तो शिक्षक होता. त्याने वडीवर खडूने फुली मारली, ढिगाच्या अगदी तळाशी ठेवली, वर पाच थर रचले आणि शेडला कुलूप लावलं. किल्ली खिशात. सकाळी पाच थर जसेच्या तसे होते. फुलीची वडी खिडकीत होती. तळाच्या थरात एक गोल रिकामी जागा होती आणि तिच्यावरचं शिसं जराही खचलं नव्हतं.

त्याने वडी वजनकाट्यावर टाकली. इतरांपेक्षा थोडी हलकी. कथिलाचं प्रमाण जास्त असेल, त्याने वहीत लिहिलं. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली, ती लिहिली नाही. जुन्या शिशावर करडी साय धरते. ढिगातल्या प्रत्येक वडीच्या माथ्यावर ती साय एका पट्ट्यापुरती पुसली गेली होती. अंगठ्याच्या रुंदीचा पट्टा, चकचकीत. अठ्ठेचाळीस वड्यांवर अठ्ठेचाळीस पट्टे. जणू कोणीतरी एकेक हातात घेऊन चाचपली होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी त्याला घाई झाली. हरणांचा हंगाम आठवड्यावर आला होता, पंचवीस गोळ्या हव्या होत्या, तेवीस झाल्या होत्या आणि भांड्याचा तळ दिसायला लागला होता. ओर्विलची रीत अशी होती की वड्या थंड भांड्यात टाकायच्या आणि मगच आच लावायची, म्हणजे ओल असली तर आधीच निघून जाते. पण भांडं निववून पुन्हा तापवायचं म्हणजे दीड तास. डेल्मरने हातमोजा चढवला आणि खिडकीतली वडी उचलली. ती हाताशी होती, आणि तिचा त्याला आता रागही येत होता.

"तशीच टाकतोयस?" बर्निसने सुया थांबवल्या.

"एक वडी, बर्निस. फक्त एक."

"पुठ्ठ्यावर काय लिहिलंय?"

"पुठ्ठ्यावर पाण्याचं लिहिलंय. हे शिसं आहे. फरक मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलाय."

त्याने वडी भांड्याच्या काठाशी ठेवली आणि पळी घ्यायला वळला. पळी घेतली. परत वळला.

काठावर वडी नव्हती.

ती खिडकीत होती.

बर्निस स्टुलावरून हलली नव्हती. मांडीवर लोकर होती, दोन्ही हातांत सुया होत्या. तिचा चांगला डोळा खिडकीवर खिळला होता.

"डेल्मर," ती अगदी हळू म्हणाली, "ती चालत नाही गेली. तिला कोणीतरी नेलं."

"कोणी?"

"ते दिसलं नाही."

त्याने आच बंद केली.

बाहेर अंगणात, उन्हात, त्याने वडी बाकाच्या लोखंडी पकडीत आवळली आणि करवत लावली. शिसं मऊ असतं, करवत लोण्यात गेल्यासारखी जाते. अर्ध्यावर आल्यावर पातं अचानक मोकळं झालं. आत पोकळी होती. कधी काळी निवताना पडलेली, वर केसाएवढी चीर, कुठल्या तरी गळक्या छपराखाली त्या चिरेतून भरलेली.

चमचाभर पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.

त्याने शेडच्या उघड्या दारातून भांडं पाहिलं, मग स्टूल पाहिलं. तीन हात. मग बर्निसचा चेहरा पाहिला, उजवी बाजू, आणि ती जरा जास्तच वेळ पाहिली.

मग तो दाराशी गेला, टोपी काढली आणि रिकाम्या शेडला उद्देशून म्हणाला, "थँक्यू, ओर्विल."

त्याला वाटलं होतं बर्निस हसेल. ती घरात गेली आणि लेफ्से भाजायला घेतलं. बटाट्याची पातळ पोळी, आत लोणी-साखर, चौघडी घालून बशीत. बशी तिने खिडकीच्या फळीवर ठेवली. शेडमध्ये खायचं नाही असा नियम आहे, शिशामुळे तब्येत बिघडते. पण तो नियम ज्यांची तब्येत बिघडू शकते त्यांच्यासाठी आहे, असं डेल्मरचं मत पडलं.

दर शनिवारी बशी ठेवायची, हे मग ठरूनच गेलं. ढिगातून आणखी दोन वड्या खिडकीत आल्या. त्याने वाद घातला नाही. कापल्या. दोन्ही आतून ओल्या.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी आजोबांच्या बंदुकीने एका गोळीत हरीण पडलं. त्याने गुडघे टेकून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि इतका वेळ तसाच बसला की सोबत आलेल्या बर्निसला पुन्हा छातीची शंका आली. छातीचंच होतं, पण दुखणं नव्हतं.

पहिला वाटा अर्थातच सिग्नेबाईंचा. त्या स्वतः गाडी घेऊन आल्या, रविवारी, चर्चनंतर. भांडं थंड होतं. बर्निस शेडमध्ये स्टुलावर उन्हाच्या पट्ट्यात विणत बसली होती, तिने हात हलवला. सिग्नेबाईंची नजर फळीवरच्या बशीवर गेली.

"लेफ्से कोणाला?"

डेल्मरने घसा साफ केला. "ओर्विलला. हसू नका. त्याने आमच्यावर फार उपकार केलेत, सिग्नेबाई."

"ओर्विलने?" त्या हसल्या नाहीत. "मास्तर, ओर्विल कशाला करेल? त्याने जन्मात कधी वडी तपासली नाही. आमच्याकडेही त्या खिडकीतच यायच्या."

ते दोघं मांस ठेवायला गाडीशी गेले. त्याने आधी नळावर साबणाने हात स्वच्छ धुतले. ऊन असतानाच बर्फ भुरभुरायला लागलं होतं. सिग्नेबाई बोलत होत्या, शेजारच्या गाईबद्दल बोलावं तशा.

"भांडं थोरवाल्ड लीनचं. कानावर अक्षरं आहेत बघा. अठ्ठावन्न साली त्याने ओली वडी टाकली. दोन्ही डोळे गेले. त्यानंतर बावीस वर्षं जगला तो. दर शनिवारी आमच्याकडे यायचा आणि ओर्विलच्या सगळ्या वड्या अंगठ्याने चाचपायचा. पोकळ निघाली की बाजूला, खिडकीत. त्याला अंगठ्याने कळायचं. मग वारला. वड्या खिडकीत येतच राहिल्या."

"हे तुम्ही मला आधी सांगितलं नाही."

"तुम्ही केमिस्ट्रीचे मास्तर. तुम्हाला मी काय सांगणार?" त्यांनी डिकी लावली. "साठ वर्षं ओतलं ओर्विलने. गेला तेव्हा दोन्ही डोळे जागच्या जागी होते. मी रोज आभार मानते. लोणी मात्र जास्त लावत जा, थोरवाल्डला कोरडं चालत नसे."

गाडी वळून गेली. डेल्मर बर्फात उभा राहिला. त्याला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होतं ते काही वेगळंच होतं. ज्याच्यासाठी कोणीच काही बाजूला ठेवलं नव्हतं, तो माणूस दुसऱ्यांसाठी ठेवत बसला होता.

तो शेडमध्ये आला. बर्निसला उन्हात डुलकी लागली होती. तिच्या नाकावर चष्मा नव्हता. तो खिडकीच्या फळीवर होता, बशीशेजारी, काड्या नीट मिटून.

"बर्निस."

ती जागी झाली, आळसावून हसली. "आलास का परत? किती हलका हात लावलास रे. मी म्हटलं, करू दे."

"मी आत्ता येतोय."

तिने मान त्याच्याकडे वळवली. उन्हाचा पट्टा तिच्या चेहऱ्यावर आला. उजव्या, चांगल्या डोळ्याच्या पापणीवर करड्या शिशाचा एक ठसा होता, अंगठ्याचा, रेघान् रेघ दिसावी इतका स्वच्छ.

डाव्या पापणीला कोणी हात लावला नव्हता.