एक माणूस वजा

जवळ या, पण अंगावर बसू नका. आणि ज्याला मधेच पाणी प्यायला उठायचं असेल त्याने आत्ताच पिऊन यावं. नंतर स्वयंपाकघरापर्यंत सोबत मागाल, आणि मी काही उठणार नाही.

मी थापा मारतो असं तुमच्या घरी बोलतात, मला ठाऊक आहे. मारतो. त्याशिवाय करमत नाही. ही मात्र थाप नव्हे. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते गृहस्थ मागच्या गल्लीत राहतात, आणि खोटं बोलायला जी थोडी अक्कल लागते ती त्यांच्याकडे मुळातच नाही. सरळ रेघ आहे माणूस. विमानांच्या कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणायचे, कारण त्यांचा भाचा तिथेच होता. तो विमानं उडवायचा. मामा विमानांचं वजन करायचे.

हसू नका. लढाऊ विमानाचं वजन करावंच लागतं. नवी विमानं घ्यायची बोलणी तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून चालली होती. किंमत वाढली की बैठक, बैठक झाली की किंमत वाढली. शेवटी वरून ठरलं, जुन्यांनाच नवं करा. मग त्यांच्या नाकात नवं रडार, पोटात नवी वायरिंग, वैमानिकापुढे नवे पडदे. म्हातारीला कवळी बसवून पुन्हा लग्नाला उभी केली म्हणा. इतकी चिरफाड झाल्यावर वजन किती, आणि ते पुढे जास्त की मागे जास्त, हे कळल्याशिवाय ते हवेत सोडता येत नाही. तोल गेला की खेळ खलास.

तर त्या जुन्यातल्या पहिल्या नव्या विमानाचं वजन करायला मामा घरून निघाले. अमावास्या वगैरे काही नव्हती, चांगला अर्धा चंद्र होता. नोव्हेंबरची बावीस तारीख, शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. हे काम रात्रीचंच. हँगरची दारं बंद, पंखे बंद, वाऱ्याची झुळूकसुद्धा नको, कारण पंखांवर वारा आला की काटा खोटं बोलतो.

"दादा," बहीण दारातून म्हणाली, "धोंड्या भेटला तर म्हणावं घरी येऊन झोप. उद्या एवढं मोठं काम आणि हा तिकडे मित्रांत."

धोंड्या म्हणजे तिचा मुलगा. जन्मला तोच असा वजनदार की दाईने म्हटलं, बाई, हा धोंडा कुठून आणलास? नाव पडलं ते पडलंच. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती पोराला घेऊन भावाकडे. भावाने लग्न केलं नाही. त्या घरात तिघं, आणि तिघांचा मिळून जीव एकात. तोच धोंड्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुण्यांसमोर, ते विमान उडवणार होता.

हँगरमध्ये विमान तीन काट्यांवर उभं होतं. एक नाकाच्या चाकाखाली, दोन पंखांच्या चाकांखाली. तिन्हींचे आकडे एका टेबलावरच्या डब्यात दिसायचे. मामांनी मदतनिसांना बाहेर काढलं, दार लावलं, आकडा पाहिला.

हिशेबापेक्षा एक्क्याण्णव किलो जास्त.

मामांना राग आला. मेले आत काहीतरी विसरलेत. मेकॅनिक लोक विमानात काय काय विसरतात! एकदा एकाचा डबा निघाला होता, भाजीसकट. मामांनी माणसं परत बोलावली. झाकण न् झाकण उघडलं. उरलेलं इंधन मोजलं, अवजारं मोजली. काही नाही. मग काट्यांवर प्रमाण वजनं ठेवून काटे तपासले. काटे चोख.

पुन्हा दार लावलं. पुन्हा आकडा.

एक्क्याण्णव किलो. आणि सगळं पुढच्या बाजूला. मामांनी कागदावर हिशेब मांडला, ते वजन नेमकं कुठे बसलंय याचा. बसलंयच म्हणायला हवं. कारण उत्तर आलं ते वैमानिकाच्या आसनाचं.

मामा शिडी चढून वर गेले. टॉर्च मारला. आसन रिकामं. पट्टे सुटे पडलेले. त्यांनी आसनावर हात फिरवला. रिकामं ते रिकामं.

खाली येऊन ते डब्यापुढे बसले. हँगरमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शेवटचा आकडा हलतोय. थोडा वर. थोडा खाली. पुन्हा वर. वाऱ्याने हलतो तसा नाही, वारा असा ताल धरून येत नाही.

मामांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिकडे आकडा वर, इकडे छाती वर.

...झोपलेला माणूस घेतो तसे श्वास.

"कोण आहे?" मामा म्हणाले.

आकडा थांबला.

काय रे? तू का पाय वर घेतलेस? खाली काही नाही. ऐक.

दार धाडकन उघडलं आणि साहेब आले. साहेब म्हणजे या सगळ्या प्रकल्पाचे मुख्य. त्यांच्या मागून धोंड्या, उड्डाणाचा पूर्ण पोशाख चढवून, हेल्मेट काखेत. उद्याची रंगीत तालीम आटोपून तसाच आला होता.

"मामा, आटपा की," साहेब म्हणाले. "मुलगी बघायला इतका वेळ लावला असता तर आज नातवंडं असती तुम्हाला."

मामांनी आकडा दाखवला. साहेबांचा चेहरा उतरला. जास्त वजन म्हणजे उड्डाण रद्द. आधीच तीनदा तारीख पुढे गेलेली. वरच्यांनी बजावलं होतं, या खेपेला उडालं नाही तर काम बंद, आणि तेवढे पैसे बाहेरच्या विमानांना.

"मामा," धोंड्या हळू बोलला, "सहा वर्षं मी या एका सकाळची वाट बघतोय. माझ्या तुकडीकडे उडण्यासारखी विमानं उरली नाहीत. पोरं नुसती जमिनीवर बसून आहेत."

"अरे, पण आत कुणीतरी..."

"कुणीतरी काय?"

साठीला आलेला माणूस, सगळ्यांसमोर काय सांगणार? मामा म्हणाले, "वजन आसनावर येतंय."

"एवढंच ना? थांब." धोंड्या शिडी चढला आणि सरळ आसनात जाऊन बसला. "बघ आता! मी बसलोय. किती वाढलं?"

मामांनी डब्याकडे पाहिलं.

वाढलं नव्हतं.

एक ग्रॅमही नाही. जिवंत, धडधाकट, हेल्मेटसकट माणूस त्या विमानात बसला होता आणि काट्याला ते नवीन नव्हतं. काट्याने त्याला आधीच मोजलेलं होतं. आकडा पुन्हा हलू लागला. वर... खाली. आणि वर काचेआड धोंड्याची छाती. वर... खाली.

"झालं!" साहेबांनी टाळी वाजवली. "काटा अडकलाय हो तुमचा! माणूस बसला तरी हलत नाही. म्हणजे ते एक्क्याण्णव पण खोटे. वजा करा आणि मोकळे व्हा."

"काटा अडकलेला नाही. मी आत्ताच तपासला..."

"मामा," वरून धोंड्या ओरडला, आणि त्याच्या आवाजात रडू होतं, "लहानपणी पडशील म्हणून झाडावर चढू दिलं नाहीस. अजून तेच चाललंय का तुझं? माझ्या पायात दगड बांधू नकोस रे. सोड मला."

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. वजन करणाऱ्याला वजावटीची मुभा असते. वाणी डब्यासकट तेल मोजतो आणि डब्याचं वजन वजा करतो ना, तसंच. विमानावर झाकणं, खिट्ट्या, जे जे त्याचं नाही, ते डब्यावरचं बटण दाबून वजा करायचं. मामांनी आयुष्यात हजारदा ते बटण दाबलं असेल.

त्यांनी एक्क्याण्णव टाकले. बटण दाबलं.

आकडा सरळ झाला. श्वास थांबला.

मामांनी सही केली. धोंड्या शिडीवरून उतरला, मामांना मिठी मारली, आणि हसत हसत निघून गेला. मिठी मारली तेव्हा मामांना काहीतरी कमी वाटलं. काय, ते तेव्हा कळलं नाही.

सकाळी विमान उडालं. काय उडालं म्हणता! पाहुण्यांच्या टोप्या उडायच्या राहिल्या. उतरलं, टाळ्या पडल्या, साहेबांनी मामांना सगळ्यांदेखत चिमटा काढला, "काय मामा, कुठे गेले तुमचे एक्क्याण्णव किलो?" लोक हसले. मामा हसले नाहीत. ते विमानाच्या नाकाकडे बघत होते. वैमानिक शिडीवर पाय ठेवून उतरला की विमानाचं नाक किंचित वर येतं. नेहमी येतं. ओझं उतरल्यासारखं.

धोंड्या उतरला. नाक हललं नाही.

मामा त्याला हाताला धरून वैद्यकीय खोलीत घेऊन गेले. वजनकाट्यावर उभा कर म्हणाले. डॉक्टरांनी उभा केला. काट्यावर शून्य. डॉक्टरांनी काट्याला एक लाथ घातली. शून्य. दुसरा काटा आणला. शून्य. "सगळा माल एकाच दुकानातला," डॉक्टर म्हणाले, आणि मागच्या वर्षीचं वजन लिहून मोकळे झाले.

मामा धावत हँगरमध्ये गेले. वजावट रद्द करायची. विमान काट्यांवर घेतलं, उलटं बटण दाबलं. काही येईना. पुन्हा दाबलं. साहेबांच्या पाया पडले, हे विमान जमिनीवर ठेवा. साहेब म्हणाले, "कारण काय लिहू? वजन बरोबर आहे. सही तुमचीच आहे." मग भाच्याच्या पाया पडले. साठीचा माणूस भाच्याच्या पाया! नोकरी सोड, मी तुला पोसतो, तुझ्या आईला पोसलं तसंच.

धोंड्याने त्यांना उठवलं. "मामा, वेडा का तू? अरे, मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं."

विमान सेवेत दाखल झालं. त्याच्या मागून आणखी आली. धोंड्याची नेमणूक त्याच विमानावर झाली, दूरच्या तळावर. सुटीवर यायचा. जेवायचा, हसायचा, आईची चेष्टा करायचा. रात्री आपल्या खोलीत झोपायचा. आणि रोज पहाटे, तो अंघोळीला गेला की, मामा चोरासारखे त्याच्या खोलीत शिरायचे. गादी सपाट असायची. चादरीला सुरकुती नाही, उशीला खड्डा नाही, इस्त्री केल्यासारखी. मामा दोन्ही हातांनी ती गादी मधोमध दाबायचे, उशीवर मूठ मारायचे, चादर चुरगाळायचे.

बहिणीला कळू नये म्हणून.

मला हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी, तुमचा हा काका, जगाला थापा मारणारा, मी त्यांना म्हटलं, मामा, कुणाला मारताय थापा?

...

दीड वर्ष गेलं.

मे महिना. गुरुवारची पहाट, पाच वाजलेले. धोंड्या तळावर होता. सुटीला अजून महिना. खोली बंद.

मामांना आतून आवाज आला. पलंग करकरला.

जुना लाकडी पलंग. वजनदार माणूस कुशीवर वळला की करकरतो, तसा.

दीड वर्षात तो पलंग करकरला नव्हता.

मामा उठले. दार ढकललं. आत कुणी नाही. खिडकी बंद. गादी...

गादी दबलेली होती. खोल. खांद्याचा खळगा, कमरेचा खळगा, गुडघे पोटाशी घेतलेले. लहानपणी तो तसा झोपायचा.

आणि गादी हलत होती. थोडी वर. थोडी खाली.

मामा दारातच खाली बसले. "आलास?" म्हणाले. "आलास रे?"

वर. खाली. वर...

मग थांबली.

मामा तसेच बसून राहिले. बाहेर उजाडलं. बहीण उठली, स्वयंपाकघरात भांडी वाजली. तिने तिकडूनच विचारलं, "दादा, कुणाशी बोलत होतास?"

मामांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

फोन त्यानंतर वाजला.

...

नाही, सापडलं काहीच नाही, ना विमान ना धोंड्या. समुद्र होता खाली.

मी गेलो होतो त्यांच्याकडे, दिवस-दोन दिवसांनी. बहीण आता त्या खोलीत कुणाला जाऊ देईना. मला जाऊ दिलं. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बघा. माझ्या हातून काही चुकतंय का."

खळगा जाईना म्हणून तिने गादी उलटी घातली होती. चार जणांना धरून उचलावी लागली, म्हणाली, एकटीला हलेना.

मी बघितलं. वरची बाजू नवीकोरी होती, कधी कुणी न वापरलेली.

खळगा तिथेही होता.