वाय की एन

गुरुदासला त्या दिवशी काम एकच होतं. जामसंड्याच्या आंबा बागायतदार संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, त्याच्यावर नवी डॉस, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, चढवायची. एकोणनव्वद साल. उद्या साहेब बघायला येणार. मशीन चाललं तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा बापाच्या काजूत.

खुर्ची विश्रामची. आधीचा कारकून, गेल्या वैशाखात भर दुपारी मागच्या विहिरीवर पाय घसरून गेला. भला माणूस हो! कुणीही हाक मारली, अगदी साहेबांनीसुद्धा, तरी हा खुशाल ओरडायचा, "ओय, अप्पानु!"

अप्पा म्हणजे तिथला म्हातारा शिपाई. जेवायला घरी निघताना तो उंबऱ्यात थांबला.

"बारांच्या वक्ताक हाक इली तर ओ देऊ नको हां. भुतांका दोनच हाका जमतत. तिसरी इली, तर माणूस समज."

गुरुदास हसला. कोल्हापुरात पंधरा दिवस शिकून आलेला गडी, तो कसला घाबरतोय!

डॉसच्या आधी मशीनला सगळं सांगावं लागतं. तारीख, वेळ, हार्ड डिस्कचा नंबर. त्याने एकेक भरलं. शेवटी मशीन विचारतं, हे जपून ठेवू? वाय म्हणजे होय, एन म्हणजे नाही. बोट वायवर गेलं, आणि विहिरीकडून आवाज आला.

"गुरुदास... येव?"

येऊ का, असं विचारणारा. आत्ता वाय दाबणं म्हणजे होय म्हणणंच की! त्याने एन दाबलं. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

पुन्हा भरलं. पुन्हा तोच प्रश्न, आणि आता आवाज खिडकीशी, शेवाळाचा ओला वास घेऊन.

"गुरुदास... येव?"

एन! त्याने इतक्या जोरात दाबलं की मशीनच अडकलं, एकही बटण चालेना. मग शिकवल्याप्रमाणे त्याने वीज बंद केली, झाकण उघडलं, आतली छोटी बॅटरी काढली. ती काढली की मशीन सगळं विसरतं, नव्याने सुरुवात करतं. बॅटरी परत बसवून, वीज चालू करून त्याने तिसऱ्यांदा तारीख घातली, नंबर घातला. प्रश्न आला.

"गुरुदास... येव?" अगदी दारात.

तिसरी! हुश्श... माणूसच तो! गुरुदासला रडूच यायचं बाकी होतं. त्याने वाय दाबलं आणि मोठ्याने म्हणाला, "येवा, अप्पा, येवा!"

कुणी आलं नाही. खुर्ची मात्र खालून गार पडली.

दहा मिनिटांनी अप्पा आला, छत्री मिटत.

"अप्पा, मगाशी तुमीच हाक मारलात मा? तिसरी?"

"मियां? मी आताच जेवान येतंय."

गुरुदासने मनात हाका मोजल्या. दोन, मग बॅटरी, मग एक. मशीन सगळं विसरलं होतं, त्याचे दोन्ही नकारसुद्धा. नव्याने मोजलं तर ही हाक पहिलीच होती.

त्याचा चेहरा बघून अप्पा जागीच थबकला. हळूच, एकदाच म्हणाला, "गुरुदास...?"

गुरुदासला ओ द्यायची नव्हती. तो ओठ मिटायला गेला, मिटेनात. आणि त्याच्याच तोंडातून, मोठ्याने, खुशाल आलं,

"ओय, अप्पानु!"