सरळरावांचे कल्ले

चाळिशी उलटल्यावर कात्री हातात धरायची, तीही बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली, म्हणजे आपण मागच्या जन्मी मोठाच घोळ घातलेला असणार, असं भाऊजींचं ठाम मत झालं होतं. छापखाना बंद पडला, घरी बसून भिंती मोजून झाल्या, तेव्हा मेहुणाच म्हणाला होता, "भाऊजी, दुकानात या. शिकवतो." त्यात त्याचा चांगुलपणाच होता, आणि नेमका त्या चांगुलपणाचाच राग यायचा. मेहुणा भाऊजी म्हणे म्हणून दुकानातला कारागीरही भाऊजी म्हणू लागला, मग गिऱ्हाइकंही. अख्ख्या रस्त्याचा भाऊजी होऊन बसलेला हा माणूस दिवसभर केस झाडायचा, टॉवेल धुवायचा आणि फुग्याला साबणाचा फेस फासून त्यावर वस्तरा चालवायला शिकायचा. फुगे फुटायचे, फेस तोंडावर उडायचा आणि कारागीर पोट धरून हसायचा.

दुकानात खुर्च्या तीन. पहिली मेहुण्याची, दुसरी कारागिराची, तिसरी खिडकीजवळची रिकामी. भाऊजींचा सगळा जीव त्या तिसरीत अडकला होता. बायकोने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं, की यांना खुर्ची मिळाली म्हणून.

"दुपारी एक गृहस्थ येतात," मेहुण्याने एकदा सांगितलं. "फक्त कल्ले कापून घेतात, आणि तेही शिकाऊ माणसाकडूनच. ते खूश होऊन उठले की तिसरी खुर्ची तुमची. पण महिनाअखेरपर्यंतच हं भाऊजी. मग मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"कल्लेच ना? हातचा मळ आहे," भाऊजी म्हणाले.

गृहस्थ आले. कपडे इस्त्रीचे, चेहरा असा की पाठ फिरली की आठवू नये. बसले आणि म्हणाले, "सरळ करा." रोज तेवढंच म्हणायचे, म्हणून दुकानाने त्यांचं नाव सरळराव ठेवलं होतं.

भाऊजींनी डावा कल्ला कापला. आरशात पाहिलं तर उजवा लांब. उजवा कापला तर डावा लांब. लोण्याची वाटणी करणाऱ्या माकडासारखं त्यांचं चाललं होतं, फक्त इथे लोणी कुणाच्याच तोंडात जात नव्हतं. शेवटी कल्ले संपले. सरळराव शांतपणे उठले. "उद्या येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कल्ले पुन्हा कानाच्या पाळीपर्यंत आलेले होते. काही लोकांचे केस भराभर वाढतात, असं भाऊजींनी मनाला समजावलं.

"कानावरून माप घेताय काय?" मेहुणा म्हणाला. "कुणाचे कान एका रेषेत असतात? डोळ्यांच्या कोपऱ्यावरून घ्या."

त्यांनी डोळ्यांवरून घेतलं. मग लक्षात आलं, की सरळरावांचा डावा डोळाच उजव्यापेक्षा खाली आहे. काल तसं दिसलं नव्हतं.

"अरे, त्यांचा डोळाच वाकडा आहे!" भाऊजी मागे जाऊन कुजबुजले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," कारागीर म्हणाला.

भाऊजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या दुपारी त्यांनी नाकपुड्यांवरून माप घेतलं. नाक एका बाजूला सरकलेलं होतं. डोळे मात्र आता अगदी एका रेषेत होते, कानही. ओठांवरून घेतलं, ओठ कलले आणि नाक जागेवर आलं. ज्याच्यावर भरवसा ठेवावा तेच सरकत होतं, आणि सरळराव मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेले असत.

शेवटी भाऊजींनी मेहुण्याला ओढत आणलं. मेहुण्याने आरशाकडे ओझरतं पाहिलं. "चेहरा सरळच आहे की," म्हणाला आणि लगबगीने आपल्या खुर्चीकडे परतला.

"माझ्याआधी कुणी शिकायला होतं का रे?"

"दोघं होते. सोडून गेले."

"कुठे?"

"काय माहीत. पुन्हा दिसलेच नाहीत," मेहुणा म्हणाला आणि कैचीला तेल घालत बसला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपार टळत आली होती. केसांचा ढीग पायाशी साचला होता, हात भरून आले होते, आणि डावा कल्ला पुन्हा लांब होता. भाऊजींना रडू यायचंच बाकी होतं. एवढा छापखाना चालवलेला माणूस, ओळ केसभर हलली तर लांबून ओळखणारा, आणि दोन कल्ले एका ओळीत येईनात!

मापाला त्या चेहऱ्यावर काही उरलंच नव्हतं.

मग ते वाकले. आपली हनुवटी सरळरावांच्या खांद्याजवळ आणली. आरशात दोन चेहरे शेजारी शेजारी आले. निदान हा चेहरा तरी माझा आहे, त्यांना वाटलं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरून रेषा धरली.

सरळरावांनी पहिल्यांदाच आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "आता बरोबर धरलंत."

डावा कापला. उजवा कापला.

दोन्ही सारखे होते.

सरळरावांनी दोन्ही हात गालांवरून फिरवले, हसले आणि निघून गेले. मेहुण्याने भाऊजींना मिठी मारली. कारागिराने पेढे आणले. भाऊजींनी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच घरचा रस्ता शीळ घालत तुडवला.

सकाळी मेहुणा म्हणाला, "बसा भाऊजी, तुमच्याच खुर्चीत बसा. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत तुमचेच कल्ले करतो. नव्या कारागिराने कसं टापटीप दिसायला हवं."

त्याने डावा कापला. उजवा कापला. पुन्हा डावा. हसला. बोटं कानांना लावून पाहिली, मग डोळ्यांच्या कोपऱ्यांना, मग नाकाला. नंतर तो हसायचा थांबला.

भाऊजींना तर आरशात आपला चेहरा अगदी सरळ दिसत होता.

"ताईनं सकाळी पाहिलं का तुम्हाला?" मेहुण्याने विचारलं.

"चहा दिला की तिनं."

"काही म्हणाली?"

भाऊजींनी आठवून पाहिलं. "नाही. कप खाली ठेवला, पोरांना घेऊन आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली."

मेहुण्याने कात्री खाली ठेवली. दोन्ही हातांनी हळूच खुर्ची फिरवली आणि भाऊजींची पाठ आरशाकडे केली. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं आणि खिडकीकडे पाहू लागलं.

मेहुणा मधे जाऊन उभा राहिला.

"इकडे पहिल्या खुर्चीत बसा साहेब," तो म्हणाला. "तिसरी बंद आहे."