शेवटच्या टोपलीतला दगड

गोड्या पाण्याची टाकी तुम्हाला आजच्या आज बसवून देतो. खाऱ्या पाण्याची मात्र नाही. ते काम सोडून मला तीन वर्षं झाली. नाही, वेळ नाही म्हणून नव्हे. बसा, सांगतो. ऐकून झाल्यावरही हवी असेल तर दुसऱ्या दुकानाचा पत्ता देईन.

खाऱ्या टाकीत आधी मासे सोडत नाहीत, आधी दगड ठेवतात. समुद्राच्या तळावरचा, भोकाभोकांचा, जाळीदार. आम्ही त्याला जिवंत दगड म्हणतो. आणला की काही दिवस तो नुसता घाण मारतो, कारण वाटेत त्याच्यावरचं बरंच काही मेलेलं असतं. मग तो अंधारात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं आणि वाट बघायची. महिन्या-दीड महिन्याने एखाद्या भोकातून केसाएवढा किडा डोकावतो. कुठे हिरवा ठिपका, कुठे पिसासारखा तुरा. गिऱ्हाइकांना वाटतं, जादूने उगवलं. उगवत काही नाही. जे बाहेर येतं ते आधीपासून आतच दडून बसलेलं असतं.

हे दगड मला माझा दादा काढून द्यायचा. तो पाणबुड्या होता. पाठीवर सिलिंडर, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक होडीत माझ्या हातात. खालून बोलता येत नाही, म्हणून इशारे ठरलेले. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे वर ओढ.

त्या दिवशी त्याने टोपलीतून एकच दगड वर पाठवला, कलिंगडाएवढा, मधोमध खोल भोक असलेला. त्यानंतर दादा काही वर आला नाही. मी दोर ओढला तेव्हा तो हलका होता. त्याच्या कमरेकडच्या टोकाची गाठ सुटलेली. चार दिवस शोधलं. काही मिळालं नाही.

सगळ्यांना मी सांगितलं, इशारा आलाच नाही.

वीसेक दिवसांनी वहिनी दुकानात आली. ती शिवणकाम करायची, दोघांचंच घर होतं. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, “भाऊजी, शेवटचा दगड कुठला?”

मी मागच्या टबाकडे बोट केलं.

“तो मला माझ्या घरी लावून द्या. मासे-बिसे नकोत. त्याने हात लावलेली ती शेवटची वस्तू आहे. तिच्यातून काय येतं ते मला बघायचंय.”

तिच्या पुढच्या खोलीत, शिवणयंत्राला लागून मी टाकी बसवली. मीठ घालून पाणी कालवलं, पंप आणि हीटर लावला, वरून काळं कापड टाकलं. उजेड नको म्हणून तिने खिडक्याही लावून घेतल्या. भर दुपारी त्या खोलीत शिवणयंत्राच्या दिव्याएवढाच उजेड असायचा.

पहिले तीन आठवडे वास मरणाचा होता. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका दारातूनच माप देऊन पळायच्या. वहिनीला त्याचं काही नव्हतं. मी पाणी तपासायला आठवड्यातून दोनदा जायचो, तेव्हा ती कापडाची एक कड उचलून आत बघत बसलेली असायची. जेवलात का विचारलं की म्हणायची, “जेवते की.” ओट्यावर भांडी मात्र कोरडी ठाक.

पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला. “भाऊजी, एक आलं! पांढरं, दोऱ्यासारखं. मला बघून आत गेलं.”

मग रोज काहीतरी येऊ लागलं. एक तुरा, तांदळाएवढी गोगलगाय, हिरवी साय. वहिनी हसायला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस मार्गाला लागतंय.

एके दुपारी गेलो तर ती शिवत होती. मला बघून तिने यंत्र थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“ऐका...”

पंपाची घरघर. बाकी काही नाही. आणि मग टाकीतून, काचेवर नखाने वाजवावं तसं... टक. टक. टक.

थांबलं. पुन्हा... टक. टक. टक.

“यंत्र चालू असलं की गप्प असतं,” वहिनी कुजबुजली. “थांबवलं की सुरू. चार दिवस मोजतेय मी. तीनच. का हो भाऊजी, तीनच का?”

मी एक पाऊल मागे सरलो. तरी हसून म्हणालो, “कोळंबी असते अशी एक, वहिनी. एक नांगी मोठी असते, ती चुटकीसारखी वाजवते. दगडातून येते कधीकधी.”

“पण तीन?”

“तिला काय मोजता येतंय!”

हे खोटं नव्हतं, अशी कोळंबी असते. मी बाटलीचा सापळा केला, आमिष लावून दगडाजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर आत खरंच ती बसलेली. बोटाच्या पेराएवढी, एका बाजूला फुगीर नांगी. माझा जीव भांड्यात पडला. बरणीत काढून यंत्रावर ठेवली. ती एकदा वाजली. जरा वेळाने चारदा. मग गप्पच.

“बघा,” मी म्हणालो. “हिचाच उद्योग. मूडवर आहे बाईसाहेबांच्या.”

वहिनीही हसली. आणि आम्ही दोघं हसत असतानाच कापडाखालून आवाज आला.

टक. टक. टक.

बरणीतली कोळंबी हललीसुद्धा नव्हती.

वहिनीने सावकाश टाकीकडे मान वळवली. “भाऊजी... त्याला काहीतरी हवंय.”

“दगड घेऊन जातो मी,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “दुकानात ठेवतो. तुम्हाला त्रास होतोय याचा.”

“मला नाही होत. तुम्हाला होतोय.”

मी बाही वर केली, कापड दूर फेकलं, हात पाण्यात घातला. दगड बुळबुळीत झाला होता, हातातून निसटत होता. धरायला जागा म्हणून मी मधल्या भोकात दोन बोटं घातली आणि उचलायला गेलो.

आतून कुणीतरी माझी बोटं ओढली.

एकदा. दोनदा. तीनदा.

चावा नव्हता, नांगी नव्हती. ओढ होती, आणि तिला घाई नव्हती. घाबरलेल्या माणसाची नव्हती ती. वर आपलं माणूस बसलंय, आता घेईल वर, अशी खात्री असलेल्या माणसाची होती. ते मला सहन झालं नाही. कोपरापर्यंत ओल्या हाताने मी जमिनीवर बसलो आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं.

त्या दिवशी दोर माझ्या हातात नव्हता. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याची टाकी गळत होती, तो माझ्यावर ओरडत होता, मी त्याच्यावर. एका हाताने जमेना, म्हणून दोर होडीच्या कडेला बांधला. दोरावर लाकडी तरंगा होता, दोर हिसकला की हलणारा ठोकळा. तो कडेवर वाजायला लागला. टक. टक. टक. मी बघितलं त्याच्याकडे. म्हटलं, लाटांनी वाजतोय. आणि पाठ फिरवून भांडत राहिलो.

 वहिनीने यंत्राचा दिवा नीट केला, अर्धी राहिलेली शिवण टोकापर्यंत नेली, दोरा कापला. मग विचारलं, “किती वेळ वाजत होता?”

“माझं बोलणं संपेपर्यंत.”

“म्हणजे किती, भाऊजी?”

“सात... आठ मिनिटं.”

तिने मान हलवली, जणू कुणी ब्लाउजचं माप सांगितलं. “आठ मिनिटं,” ती स्वतःशीच म्हणाली.

टाकीतून आवाज आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी माहेरी निघून गेली. शिवणयंत्र टेंपोत चढवून दुकानावरून गेली, किल्ली माझ्या हातावर ठेवली. “माझी वाट बघून झाली. आता तुम्ही बघा.” एवढंच. ती मला शिव्या देती तर बरं झालं असतं.

किल्ली माझ्या खिशात दहा दिवस पडून राहिली. दुकान होतं, ताप होता, शंभर कारणं होती. अकराव्या दिवशी सकाळी गेलो. दारातच लक्षात आलं की जाताना तिने मेन स्विच बंद केलाय. म्हणजे दहा दिवस पंप नाही, हीटर नाही. वर कडाक्याची थंडी. आत सगळं कुजलं असणार, म्हणून नाकाला रुमाल लावला.

वास नव्हता.

खोली गार होती, माझ्या तोंडातून वाफ निघत होती. पाणी अगदी निवांत, काचेसारखं स्वच्छ. आणि दगड... दगड दिसतच नव्हता, इतकं त्याच्यावर आलेलं. तुरे, लव, लालसर पापुद्रे, सगळं उघडं, सगळं एकाच लयीत जरा फुलत होतं आणि जरा मिटत होतं. पाणी हलत नसताना.

काचेला लावलेल्या थर्मामीटरकडे माझी नजर गेली. खाऱ्या टाकीत पंचवीस-सव्वीस अंश लागतात. त्या थंडीत दहा-बारा असायला हवे होते. पारा सदतीसवर होता, जिवंत माणसाच्या अंगाइतका.

थर्मामीटर बिघडला असेल, म्हणून मी बाही सारली आणि हात टाकीत घातला. हात पाण्यात शिरतो तेव्हा कळतं हो, गार लागतं, नाहीतर गरम लागतं. मी हात खाली नेत गेलो, मनगट बुडालं, कोपर बुडालं.

माझं अंग कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं, मला कळलंच नाही.