भिंतीवरच्या एनेचं हसू

एका म्हातारीचं हसू चोरलंत तुम्ही, साहेब! नगरपालिकेत मोठ्या टेबलामागे बसता, पाठीशी झेंडा, हाताशी हिरव्या चहाची किटली, आणि हात घातलात तो मेलेल्या बाईच्या ओठांना! वर म्हणालात, "पोरांचे खेळ आहेत." बरं. तर तो खेळ कसा झाला ते आधी ऐका. शेवटी एक प्रश्न येणार आहे. तोवर चहा गार करून घ्या.

"बुरुल एजे, हनुवटी खाली! अजून खाली!" तिलेक ओरडला.

"अरे, फोटो काढताय की दाढ बघताय?" शेजारच्या बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, खेकसल्या. "आणि ती बादली लांब ठेव. माझ्या नव्या झग्यावर खळ सांडलीस तर तुलाच भिंतीला चिकटवीन!"

"मला चिकटवलंत तर भिंत देखणी दिसेल."

"गप रे दोघं," सालकिन म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

चौदा नंबरच्या पाच मजली इमारतीच्या अंगणात गालिचे झोडायची एक लोखंडी चौकट होती. सालकिननं आपला फोन त्या चौकटीला दोरीनं करकचून बांधला होता. गाठीच्या जागी लोखंडावर रंगाची खूण होती. सुट्टी लागल्यापासून रोज त्याच खुणेवर, त्याच उंचीवर फोन बांधायचा, समोर इमारतीतलं एकेक माणूस उभं करायचं, आणि त्याच्या मागे कायम एकच चेहरा. एनेचा. म्हणजे सालकिनच्या आजीचा.

गेल्या शरद ऋतूत एक भित्तिचित्रकार आमच्या कोक-सू गावात आला होता. इमारतीच्या बिनखिडक्यांच्या बाजूवर, तळापासून गच्चीपर्यंत, त्याला एक चेहरा काढायचा होता. एनेनं आयुष्यभर सुईणपण केलेलं, म्हणून सगळ्यांनी तिचंच नाव सांगितलं. फोटोला बसवल्यावर एने म्हणाली, "पोरा, एवढं मोठं नाक काढशील तर कोक-सूतल्या सगळ्या कावळ्यांची सोय होईल!" आणि स्वतःच हसली. तेच हसू भिंतीवर गेलं.

चित्रकारानं जाताना सालकिन, तिलेक आणि वेरा या तिघांना एक युक्ती शिकवली. कॅमेरा हलवायचा नाही, माणसं बदलायची. मग कॉम्प्युटरवर एकाचा अर्धा चेहरा आणि दुसऱ्याचा अर्धा, नाकाच्या रेषेवर जुळवायचा. भिंतीवरचा चेहरा लहान करून शेजाऱ्याच्या चेहऱ्याला जोडला की झालं! अर्धे शेजारी, अर्धी एने. शाळा सुरू व्हायच्या आत गॅरेजांच्या सगळ्या दारांवर असे चेहरे चिकटवायचे, असा बेत होता.

एने थंडीत गेली. अंगणात, याच भिंतीखाली, रीतीप्रमाणे दुखवट्याचा तंबू उभारला गेला. बायका आत भिंतीकडे तोंड करून सूर धरून रडल्या. सालकिन त्यांच्यात बसली होती. तिला रडू आलं नाही. कोणीतरी कुजबुजलं, "पोरगी दगड आहे." असेलही. हातावर झोपलं की हात आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा. सालकिनला तेव्हापासून सगळी स्वतःच तशी वाटत होती. फोटो मात्र ती काढत होती. फोटोला काही वाटावं लागत नाही.

"ए," तिलेक भिंतीकडे मान वर करून म्हणाला, "एने रागावलीय का?"

"चित्र रागावत नाही."

"अगं, बघ तरी! जूनमध्ये हसत होती. आता तोंड बघ. आमच्या गणिताच्या बाईंसारखं झालंय!"

सालकिननं पाहिलं. ओठाचा उजवा कोपरा खरंच पडला होता. तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं फक्त फोन सोडला आणि म्हणाली, "वेराकडे चल."

वेरा किम तिसरी. एडिटिंग तिचं. तिच्या घरी गेलं की तिची आजी तिखट गाजरांचा वाडगा समोर ठेवल्याशिवाय बसू देत नसे.

"पहिल्या दिवसाचा फोटो खाली घालते," वेरा म्हणाली, "आणि आजचा वर. वरचा अर्धा पारदर्शक केला की फरक कळेल." तिनं माउस हलवला आणि थांबली. "सालकिन, फोन हलवलास तू."

"नाही हलवला."

"मग हे काय? एनेला तीन डोळे आहेत!"

तिलेकच्या घशात गाजर अडकलं. खरंच! डावा डोळा डाव्या डोळ्यावर चपखल बसला होता. उजवे मात्र दोन दिसत होते, एकाखाली एक. डावा कान एक, उजवे कान दोन.

"फोन हलला असता तर दोन्ही डोळे हलले असते," सालकिन हळूच म्हणाली. "ती पावसाच्या पाण्याची नळी बघ. उजव्या कडेची."

नळीही दोन दिसत होती. गच्चीची कडसुद्धा डावीकडे एक आणि उजवीकडे दोन.

ही इमारत काँक्रीटच्या तयार फळ्या एकाशेजारी एक उभ्या करून बांधलेली. दोन फळ्यांमधला सांधा बरोबर एनेच्या नाकावरून खाली जात होता.

"चित्र नाही बदललं," वेरा म्हणाली. "भिंत खाली गेलीय. उजवी बाजू."

"पण मग मधे भेग दिसायला हवी ना!" तिलेक म्हणाला.

"भेग कोणीतरी भरतंय. भरून वरून ओठ पुन्हा जोडतंय. एक बाजू खाली गेलेली, तिला ओठ जोडला की हसू सपाट होणारच."

पहारा ठेवला आणि दुसऱ्या आठवड्यात चोर सापडला. दिवसाढवळ्या, दोरीच्या पाळण्यात बसलेला, हिरव्या टोपीचा रंगारी!

"ओ बाइके, अहो दादा!" तिलेकनं खालून हाक मारली. "आमच्या एनेच्या तोंडात काय कोंबताय?"

"सिमेंट!" तो वरून ओरडला. "सांधा भरायचा आणि रंग मारायचा, असं ऑफिसातून सांगितलंय. तिसऱ्यांदा आलोय. मला चित्रातलं काही कळत नाही रे पोरांनो, बरोबर येतंय का?"

"भयंकर येतंय!" तिलेकनं कळवळून सांगितलं.

ऑफिसातून. म्हणजे तुमच्याकडून, साहेब.

उजव्या बाजूच्या तळमजल्यावर शेरगाझी बाइके लग्नाचा हॉल काढत होता. शटर कायम खाली. आतून घणाचे आवाज. ताडपत्री टाकलेला ट्रक रोज काहीतरी भरून जायचा. आत कुणालाही पाऊल टाकू देत नसे. तिलेक भीत भीत गेला, तर शेरगाझीनं त्याला कानाला धरून बाहेर काढलं.

"कान राहिला का बघ गं," तिलेक म्हणाला.

"राहिलाय. आधीच मोठा होता," वेरा म्हणाली.

सालकिन हसली नाही. तिनं फोन खिशात टाकला, सरळ गेली आणि शटर वाजवलं.

"काय आहे?" शेरगाझी गुरगुरला.

"गॅरेजांवर सगळ्यांचे चेहरे लागणार आहेत, बाइके. बुरुल एजेंचा झाला, पोस्टमनचासुद्धा झाला. तुमचंच दार रिकामं राहील."

"पोस्टमनचा?" शेरगाझीच्या मिशीला जणू मुंगी चावली. "माझ्या आधी पोस्टमनचा? थांब, टोपी घालतो!"

तो पांढरी उंच कल्पाक टोपी घालून आला आणि पोट आत घेऊन दारातच उभा राहिला.

"इथे नको," सालकिन म्हणाली. "मालक हॉलच्या मधोमध शोभतो."

शेरगाझीनं क्षणभर विचार केला. एवढाच. मग शटर वर गेलं.

"थोडं मागे, बाइके. अजून मागे. हात कमरेवर. वा! आता असं बघा, जणू सगळं तुमचंच आहे."

"आहेच!" शेरगाझी गरजला. "इथे तीन भिंती होत्या. खुराडं होतं खुराडं! आता बघ, शंभर टेबलं बसतील!"

खटक. फोटोत शेरगाझी होता, टोपी होती, आणि त्याच्या मागे जिथे भिंती असायला हव्या होत्या तिथे लाकडाचे टेकू होते. त्यांच्यावर चार मजले. तिसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात, सालकिनचं घर. तिथे तिची आपा, म्हणजे आई, दिवसभर मशीनवर कपडे शिवत बसायची.

तिघं सगळे फोटो घेऊन तुमच्याकडे आली, साहेब. आठवतंय? तुम्ही तीन डोळ्यांची एने बघितलीत. टेकूंचा फोटो बघितलात. मग खुर्चीत रेललात.

"पोरांनो, कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करता येतं. मांजराला शिंगं लावता येतात! अर्धे चेहरे जोडता ना तुम्ही? मग ही भिंतही तुम्हीच जोडली असेल. पोरांचे खेळ आहेत. जा, सुट्टी आहे, पोहायला जा."

बाहेर आल्यावर तिलेकनं दगडाला लाथ मारली. "मांजराला शिंगं म्हणे! याच्याच डोक्यावर लावायला हवीत!"

वेरा सालकिनकडे बघत होती. "एक सांगू? आपण हे सिद्ध केलं ना, तर ती भिंत पाडतील."

"माहितीये."

"एनेचं दुसरं कुठलं चित्र..."

"माहितीये म्हटलं ना." सालकिनचा आवाज जराही हलला नाही. थोडं चालून ती म्हणाली, "फोटोवर त्यांचा विश्वास नाही. कागदावर बसेल. तिलेक, खळ किती उरलीय?"

"अर्धी बादली. का?"

"गॅरेजावर नाही लावायचे चेहरे. भिंतीवर लावायचे. सांध्यावर."

शिडी आणली. अर्धे शेजारी आणि अर्धी एने असलेले ते मोठे कागद एकावर एक, बरोबर सांध्यावर चिकटवले, नाकाची रेषा सांध्याच्या रेषेवर. तळाशी बुरुल एजे, त्यांच्यावर पोस्टमन, मग वेराची आजी. शिडी पोचली तिथे शेवटचा चेहरा लावला, आपाचा. कडा घट्ट, मधे एकही सुरकुती नाही. खालून शेजारी खूश!

"मी खाली का?" बुरुल एजेंनी विचारलं. "पोस्टमन माझ्या डोक्यावर का बसलाय?"

"पाया भक्कम लागतो, एजे!" तिलेक म्हणाला आणि पळाला.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी हॉलमधून घणाचे आवाज सुरू झाले. अंगणात बायका गालिचे झोडत होत्या. तेवढ्यात सालकिनला तो आवाज आला. चर्रर्र! बारीक, वहीचं पान फाडल्यासारखा.

बुरुल एजेंचा चेहरा नाकावरून उभा फाटला होता.

"अगं बाई, माझं नाक!" बुरुल एजे किंचाळल्या. कुणीतरी हसलं. मग पोस्टमन फाटला. चर्रर्र. वेराची आजी. चर्रर्र. कागदाची उजवी बाजू डावीपासून सुटून जराशी खाली सरकली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हसणारा थांबला. आता कोण म्हणणार, कॉम्प्युटरवर केलंय?

"सगळ्यांना खाली बोलवा!" वेरा ओरडली. तिलेक एकेक दार बडवत सुटला, "बाहेर या! चपला राहू द्या! आजोबा, टीव्ही तसाच राहू द्या, तो पळणार नाही, तुम्ही पळा!"

सालकिन तिसऱ्या मजल्यावर पोचली. आपाच्या मशीनचा खडखडाट चालूच होता, तिला काही ऐकू आलं नव्हतं. सालकिननं प्लग उपटला.

"काय गं हे? एक बाही राहिलीय..."

"बाही राहू दे, आपा. चल."

"अगं पण..."

"चल." तिनं आईचा हात धरला. तो ऊबदार होता, तेवढं तिला कळलं. भिंतीतून वाळू गळत होती. दोघी जिना उतरल्या.

संध्याकाळी हॉलचं छत बसलं. टेकू काड्यांसारखे मोडले. घणवाले केव्हाच बाहेर पळाले होते, आत कोणी नव्हतं. इमारतीत कोणी नव्हतं. शेरगाझी टोपी छातीशी धरून रस्त्यावर उभा होता. "मला परवानगी दिली होती," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "सहीशिक्क्यासकट दिली होती."

राजधानीतून इंजिनिअर आले. त्यांनी वेराच्या घरचा कॉम्प्युटर मागवला, तीन डोळ्यांची एने किती तरी वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "असं मोजमाप आम्हीही करतो. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"चित्रकारानं," वेरा म्हणाली. "आणि गालिचे झोडायच्या चौकटीनं."

मग क्रेन आली. फळ्या एकेक करून उतरवल्या. आधी कपाळ, मग डावा डोळा, मग ओठांची फळी. तिलेक हमसाहमशी रडला. सालकिननं त्याची टोपी धरून ठेवली. पहिल्या दिवसाचा फोटो फोनमध्ये होता, हसूसकट. तिनं तो उघडला नाही. अजून नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात सत्कार झाला. इमारतीतले सगळ्यांत वयस्कर आजोबा काठी टेकत उठले. "पोरी, तुझ्या एनेनं आमच्यातल्या अर्ध्या लोकांना या जगात आणलं," ते म्हणाले. "तू सगळ्यांना इथे ठेवलंस. तुम्ही तिघांनी!" त्यांनी दुआ म्हणून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, सगळ्या सभागृहानं फिरवले. बुरुल एजे रडत रडत तिलेकला म्हणाल्या, "माझं नाक फाडलंस मेल्या, देव तुझं भलं करो!"

आणि तुम्ही, साहेब, तुम्हीही होतात. पुष्पगुच्छ घेऊन. नवा कोरा कॅमेरा घेऊन. सालकिनच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही माइकमध्ये म्हणालात, "अशा मुलांचा आम्हाला अभिमान आहे. आम्हाला जरा जरी कल्पना असती, तर..."

सालकिननं कॅमेरा घेतला नाही. माइक घेतला.

"तुम्हाला कल्पना नव्हती?" तिनं विचारलं. आवाज तोच, सपाट. मात्र बोटांना मुंग्या आल्या होत्या, बधिर हात जागा होताना येतात तशा. "मग सांधा भरायला रंगारी कोणी पाठवला?"

तुम्ही घड्याळ बघितलंत. हसलात. बँडवाल्यांना खूण केलीत आणि बँड वाजायला लागला.

बँड थांबून बरेच दिवस झाले, साहेब. किटलीतला चहा पार गार झाला. पोरगी अजून उभी आहे, तिच्या मागे आम्ही सगळे आहोत.

रंगारी कोणी पाठवला?