पेरणीच्या तोंडावर नवरंग

आमच्या माहेरी पाखरं राखायची असतात, बघायची नसतात. ज्वारीत दाणा भरला की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, एवढाच आमचा आणि पाखरांचा पिढीजात संबंध. त्यामुळे माझ्या वडिलांनी, म्हणजे फुलंब्रीच्या नानासाहेबांनी, ऐन मृगात जाहीर केलं की आपल्याला गौताळ्याच्या डोंगरात एक पाखरू बघायला जायचं आहे, तेव्हा माझा धाकटा भाऊ बन्सी तिफणीचे दोर आवळत होता, तो तसाच थांबला.

"नाना, पेरणी तोंडावर आली! लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. म्या निघालो."

हे पाखरू म्हणजे नवरंग. रझाकारीच्या दिवसांत आमचं सगळं घर नानांच्या आजोळी, गौताळ्याच्या डोंगरात जाऊन लपलं होतं. माणसं भीतीनं दरीत गप्प बसलेली, आणि हा पठ्ठ्या तरुण नानांच्या समोर पाचोळ्यात उड्या मारत आला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, सगळे फुलंब्रीला परतले, नाना शेतीत गुंतले; पण ते पाखरू काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मला मांडीवर घेऊन म्हणायचे, "वच्छे, तुला येक डाव दाखवीन." आता गंमत अशी, की नवरंग आपल्याकडे येतो तो नेमका मृगाच्या सुमारास, आणि शेतकऱ्याला मृगात मरायलाही फुरसत नसते! दरवर्षी नाना म्हणायचे, "यंदा पेरणी उरकू, फुडल्या सालाला जाऊ." असं करता करता माझी शाळा संपली, लग्न झालं, मी स्वतः शाळेत बाई झाले, आणि नवरंग पुढल्या सालावरच राहिला.

त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नानांचा डावा डोळा गेलेलाच होता, उजवाही आता भरवशाचा राहिला नव्हता. गेलेली नजर परत येत नसते, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. नाना दवाखान्याच्या पायऱ्या एकेक चाचपत उतरले. मला मात्र रिक्षात बसल्यावर रडू आवरलं नाही.

मग बेत ठरला. तेव्हा आम्ही औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, राहत होतो आणि गौताळा नुकतंच अभयारण्य झालं होतं. आमचे हे, बद्रीनाथ, सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढायचे. साधं भाजी आणायला जायचं तरी हे आधी रस्ता आखणार. मग अशा मोहिमेला काय विचारता! जेवणाच्या ताटाएवढा नकाशा काढला. साहेबांकडून दुर्बीण मागून आणली. पहाटे निघायचं, उजाडताना दरीत उतरायचं, कारण नवरंगाची शीळ पहाटे आणि सांजवेळीच जास्त ऐकू येते. कपडे मळकट रंगाचे. आणि दरीत कुणी अवाक्षर बोलायचं नाही! हे शेवटचं यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

"मी काय बडबड करते?" मी विचारलं.

"नाही, नाही. सर्वांसाठीच नियम आहे," हे म्हणाले.

नानांच्या गुलाबी फेट्यावर गाडी अडली. "फेटा काढून म्या कुठं जात नसतो," ते म्हणाले. शेवटी मी तो चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवून काढला. फेट्याची ती दशा नानांनी उजव्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितली, आणि "पाखरापायी!" एवढंच म्हणून बांधला.

चौथा गडी सूर्यभान. हा यांचा बालमित्र, धनगराच्या घरचा, शहरात जीप चालवायचा. गप्पिष्ट आणि शौकीन माणूस, केसाला तेल चोपडून भांग पाडणार. पहाटे जीप घेऊन आला तर मागच्या बाकावर एक काळी जाडजूड घोंगडी!

"सूर्यभान भाऊजी, जीपमध्ये मेंढी बसवलीय का?" मी नाक मुरडलं.

"वहिनी, माझी माय ऐकती व्हय? बानाबाई हाय ती! मृगात तिच्या हातच्या घोंगडीबिगर उंबरा वलांडू देत नाय."

घोंगडी सगळ्या वाटेनं माझ्या मांडीवर होती. तिचा वास आणि माझी कुरकुर एकाच वेळी चालू होती.

खुलताबादचा चढ आम्ही अंधारातच पार केला. यांच्या नकाशावर कन्नडपाशी ठळक लिहिलं होतं: थांबायचं नाही. कारण तिथं यांचा मावसभाऊ रामकिसन राहायचा, आणि सोयऱ्याच्या दारावरून न थांबता जाणं हा आमच्याकडे गुन्हा. पण जीपला काय कळतं! कन्नडच्या वेशीत रेडिएटर उकळलं. सूर्यभान बादली घेऊन पाणी मागायला गेला आणि पाण्याबरोबर रामकिसनलाच घेऊन आला.

"दादा! आमच्या दारावरनं चोरावानी कामून चालले?"

झालं! आधी चहा. मग नानासाहेब पहिल्यांदा दारी आले म्हणून पिठलं-भाकरी. मग पिठल्यावर बोळवण बरी दिसत नाही म्हणून पुरणाचा घाट. हे दर थोड्या वेळानं घड्याळ बघून उठायचे आणि रामकिसनची बायको यांच्या पानात आणखी एक पोळी टाकायची. उजाडलं, ऊन चढलं, डोक्यावरून कललंसुद्धा! निघताना रामकिसननं खुलताबादच्या उरुसातून आणलेली हिन्याची कुपी काढली. पाहुण्याला अत्तर लावल्याशिवाय उठवायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. चौघांच्या मनगटांवर अत्तर चोळलं. सूर्यभाननं तर दोन्ही कानांत फाये खोवले. आम्ही गुपचूप लावून घेतलं. नको म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

"पहाट गेली," हे जीपमध्ये म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं.

"सांज हाय ना, जावईबापू," नाना म्हणाले. "सांजंलाबी बोलतो त्यो."

चौकीवर नावं सांगून आम्ही जंगलात शिरलो. वळवाच्या दोन-चार सरी होऊन गेल्या होत्या. करपलेल्या डोंगरांना कुठं कुठं हिरवी लव फुटली होती, सागाला नवी पानं धरू लागली होती, आणि आभाळ भरून आल्यामुळे दुपारीच सांज झाल्यासारखी सावली पडली होती. नाना जीपमधून उतरले, वाटेवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता चालू लागले. डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं. मी मागून बघत होते आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता परत फिरावं लागलं तरी माझी तक्रार नाही.

पण उतार सोपा नव्हता. खाली खाली वाट अरुंद झाली, घळ झाली, मग नुसते दगड! एका शेवाळलेल्या धोंड्यावरून यांचा पाय सुटला. सूर्यभाननं सदऱ्याला धरून खेचलं. सदरा टरकन फाटला, पण दुर्बीण वाचली आणि मालकही वाचला.

"बोलू नका!" हे ओरडले. बोलत कुणीच नव्हतं.

तळाशी ओढ्याचं डबकं होतं. वर उंच कडा, आणि कड्याच्या पोटाला काळ्या सुपांसारखं काहीतरी लटकत होतं. एक नाही, ओळीनं! मी बोट दाखवून विचारलं, "ते काय हो?"

सूर्यभाननं वर बघितलं. त्याचा चेहराच उतरला.

"आग्या मव्हळ," तो म्हणाला. आणि त्याचा हात आपोआप कानातल्या फायाकडे गेला. "अरं देवा! अत्तर!"

पहिली माशी त्याच्या कानाशी आली. दुसरी माझ्या मनगटावर. मग वरचं काळं सूप हललं. अख्खं हललं! पाऊस सुरू व्हावा तसा आवाज झाला.

"पळा!" हे म्हणाले.

"पळू नका!" सूर्यभान ओरडला. "पळालं की मेलं! खाली पडा! घोंगडी!"

ज्या घोंगडीला मी वाटभर नावं ठेवली, तीच मी सूर्यभानच्या खांद्यावरून दोन्ही हातांनी ओढली. नानांना खाली बसवलं. तेवढ्यात ते "आई गं!" म्हणाले. मग सगळे एकावर एक! दोघांची घोंगडी आणि आम्ही चौघं. यांचा मागचा भाग बाहेर राहिला. तिथं काय झालं ते यांनी पुढं आठवडाभर उभ्यानं जेवून सर्वांना कळवलं.

घोंगडीवर माशा गारांसारख्या आपटत होत्या. सूर्यभाननं कानांतले फाये काढून लांब भिरकावले, आमची मनगटं ओल्या चिखलानं चोळली. मग तो म्हणाला, "आता बोलायचं नाय. हलायचं नाय. श्वासबी हळू घ्या." मी नानांचा हात घट्ट धरला होता. जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसले! मनात मात्र बन्सीच दिसत होता. नानांना काही झालं तर त्याला काय तोंड दाखवू? पेरणी सोडून म्हाताऱ्या बापाला माशांच्या तोंडी नेलं म्हणून!

किती वेळ गेला कोण जाणे. आवाज हळूहळू कमी झाला. माशा कड्याकडे परतल्या. तरी सूर्यभान उठू देईना. दरीत सावली दाटली. घोंगडीत लोकरीचा, घामाचा आणि हिन्याचा वास कोंडला होता. आम्ही चौघं बोलकी माणसं मुक्यानं पडलो होतो.

आणि शीळ आली. दोन सुरांची, खणखणीत! अगदी जवळून.

नानांनी माझा हात दाबला.

घोंगडीची कड मी बोटभर उचलली. समोर करवंदीची जाळी, जाळीखाली भिजलेला पाचोळा. पाचोळा हलला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि जाळीतून तो बाहेर आला. आखूड शेपटीचा, ठुसका, उड्या मारत. यांच्या गळ्यात साहेबांची दुर्बीण होती. ती लावायची गरजच नव्हती. हात लांब केला असता तर पोचला असता!

"नाना, बघा, बघा!" मी त्यांच्या कानाशी पुटपुटले आणि वळून पाहिलं.

नानांचा उजवा डोळा दिसतच नव्हता. भुवईवर माशी डसली होती आणि पापणी सुजून पार मिटली होती. ज्या एका डोळ्यासाठी आम्ही इथवर आलो, तोच डोळा! पण नाना शांत होते. ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सांग."

मी सांगू लागले. "डोळ्यावर काळी पट्टी आहे, काजळ गालावर ओघळल्यासारखी. वर पांढरी भुवई. पाठ हिरवी, मुगाच्या पाल्यागत. पंखावर निळं चमकतंय. गळा पांढरा. पोट हळदीच्या हातासारखं, आणि शेपटीखाली… नाना, शेपटीखाली कुंकवाचा करंडा सांडलाय हो!"

नवरंगानं मान वर केली, आमच्या काळ्या ढिगाकडे बघितलं, पुन्हा दोन सुरांची शीळ घातली आणि आरामात पान उलटायला लागला. पोटभर किडे खाऊन, जेव्हा त्याला वाटलं तेव्हा गेला.

"तुम्हाला दिसला नाही, नाना," मी म्हणाले. मला रडूच फुटलं.

"मला कशाला दिसाय पायजे? म्या मागं पोटभर बघितलाय. तुला दाखवायचा व्हता." नानांनी फेट्याच्या टोकानं सुजलेला डोळा पुसला. "दिसला न्हवं? मग झालं."

परतीचा चढ अंधारून येताना चढलो. नानांना काहीच दिसत नव्हतं, पण पायांनी वाट सोडली नाही. घोंगडीचं एक टोक सूर्यभानच्या हातात, दुसरं नानांच्या; मधे मी, आणि सर्वांत मागं कण्हत कण्हत हे. दरडीवर एकदा नानांचा पाय घसरला. घोंगडी ताणली, पण बानाबाईचं सूत तुटलं नाही. जीपचा दिवा लागला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. कन्नडला डॉक्टरांनी काटे काढून सुया टोचल्या आणि डोळा शाबूत आहे, सूज उतरेल, असं सांगितलं. ते ऐकून आम्ही चौघंही हसत सुटलो. रामकिसनच्या दारावरून जाताना हे जीपमध्ये आडवे झाले आणि सूर्यभाननं रेडिएटरची पर्वा न करता गाडी हाणली.

दुसऱ्या दिवशी नानांना फुलंब्रीला पोचवलं. बन्सी तिफण हाकत होता. आमची तोंडं बघून बैल थांबवून आला.

"बघा! सांगत व्हतो का नाय? आता दिसलं का तरी तुमचं पाखरू?"

"दिसलं की!" नाना बाजेवर टेकले. सूज उतरलेली नव्हती, डोळा अजून मिटलेलाच होता. "डोळ्यावर काळी पट्टी, काजळ गालावर ओघळल्यावानी. पांढरी भुवई. पाठ मुगाच्या पाल्यागत हिरवी. पोट हळदीच्या हातावानी, आन् शेपटीखाली कुंकवाचा करंडा सांडलेला! असा समोर नाचला गड्या, हात लावावा तर लागंल!"

माझा शब्द न् शब्द! हे माझ्याकडे बघायला लागले. बडबडी म्हणून प्रसिद्ध असलेली मी, तिथंही गप्पच बसले.

बन्सी कासरा हातात घेऊन तसाच उभा होता. बैलांनी शेपट्या हलवल्या, तरी गेला नाही. मग काळ्या रानाकडे बघत, जरा लाजतच म्हणाला, "नाना, फुडल्या मृगाला… पेरणी येखांदा दिस मागं सरली, तर काय व्हतंय?"

"काय नाय व्हत. चल की!" नाना म्हणाले. "फकस्त येक कर. बानाबाईकडनं आणखी येक घोंगडी सांगून ठेव."