दामोदरनची दुभाषी

बोअरच्या मशिनवरची चार माणसं त्याला दंडाला धरून माझ्या उपकेंद्रात घेऊन आली. तो चालत होता, पण आपण कुठं चाललोय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसावं. उंच, सावळा... केसांवर, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा खडकाची राखाडी पूड बसलेली. त्या पापण्या मिटतच नव्हत्या. मला आधी दिसले ते त्याचे डोळे — लाल, कोरडे आणि फार दमलेले.

ते त्र्याहत्तर साल होतं, मार्च महिना. जळकोटच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं आणि सरकारनं बोअर घ्यायला एक मशिन पाठवलं होतं. त्या मशिनचा कॉम्प्रेसर चालवायला हा केरळातला माणूस आला होता. दामोदरन. गावानं त्याचा दामोदर केला होता. मी तिथं नर्स होते, तेवीस वर्षांची, आणि त्याच गावची लेक.

सुपरवायझर व्यंकटराव म्हणाले, "सिस्टर, पंधरा दिस झाले, ह्यो झोपत न्हाय, जेवत न्हाय. लोक म्हणत्यात बाहेरचं हाय."

व्यंकटरावांचा असल्या बाहेरच्या बाधेवर विश्वास नव्हता. त्यांनी त्याला सोलापूरला नेलं होतं. तिथं मनाच्या आजारांचे एक डॉक्टर दर मंगळवारी बसत. पण डॉक्टर काय विचारतात ते दामोदरनला कळेना आणि तो काय सांगतो ते डॉक्टरांना कळेना. दक्षिणेकडचाच आहे म्हणून शेजारच्या एका तेलुगू विणकराला बोलावलं, तर तो बिचारा डॉक्टरांहून जास्त गोंधळला. सगळ्या बोलण्यातला एकच शब्द डॉक्टरांना ओळखीचा वाटला — 'संकटम्'. कसलं संकट, पोलिसांचं का भावकीचं, ते काही उलगडेना. शेवटी त्यांनी झोपेच्या चार गोळ्या दिल्या आणि याची भाषा जाणणारा कुणीतरी घेऊन या म्हणून परत पाठवलं.

मी ताप बघायला थर्मामीटर झटकत होते. तो बाकावर बसून भिंतीकडं बघत पुटपुटला, "उरक्कम् इल्ला... उरक्कम् इल्ला..."

माझा हात तसाच थांबला. मिरजेला नर्सिंग शिकताना तीन वर्षं माझ्या खोलीत एलियम्मा होती, कोट्टयमची. परीक्षा आली की ती डोक्याला तेल थापत हेच म्हणायची. झोप नाही... झोपच नाही.

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "एन्दा पेर्?" — नाव काय?

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग व्यंकटरावांकडं, मग परत माझ्याकडं... हे नक्की कोण बोललं याची खात्री करून घ्यावी तसं. आणि मग तो एवढा मोठा माणूस ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. आलेली माणसं अवघडून बाहेर जाऊन उभी राहिली.

त्याची आई वारली होती. तार आधीच्या मुक्कामावर गेली, तिथून फिरत फिरत एकोणीस दिवसांनी इथं पोचली. तोवर सगळं उरकलं होतं. त्यानं तार घडी करून खिशात ठेवली आणि कॉम्प्रेसर सुरू केला. अम्मा गेली, हे त्यानं अजून कुणाला तोंडानं सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा सांगितलं. 'संकटम्' म्हणजे त्याच्या भाषेत दुःख. आपल्याकडं संकट बाहेरून येतं; त्याचं ते आत होतं.

पुढच्या मंगळवारी व्यंकटराव, तो आणि मी असे तिघं एस.टी.नं सोलापूरला गेलो. डॉक्टर वयस्क होते, कानडी वळणाचं सावकाश मराठी बोलायचे. त्यांनी मला आधीच बजावलं — तो बोलेल ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, आणि तो 'मी' म्हणाला की तुम्हीही 'मी'च म्हणायचं.

हे दिसायला सोपं होतं.

तो खाली मान घालून बोलायचा आणि मी सांगायची — "मला सकाळी उठावंसं वाटत नाही. घास घशाखाली उतरत नाही. मशिन बंद झालं की मला भीती वाटते, कारण मग आतलं ऐकू येतं. मी नसलो तरी इथं कुणाला कळायचं नाही." हे मी माझ्या आवाजात, माझ्या तोंडानं म्हणत होते. परत येताना एस.टी.त तो खिडकीला डोकं टेकून बसला होता आणि ती वाक्यं माझ्याच मनात घोळत होती. दुसऱ्या माणसाचं 'मी' तोंडात घेतलं की ते लगेच निघून जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

दर मंगळवारी गोळ्या आणि गोष्टी असं चालू झालं. डॉक्टर त्याला आईबद्दल विचारायचे. ती कशी हाक मारायची, काय रांधायची, रागावली की काय करायची... कधी तो रडायचा, कधी मध्येच हसायचा. तिसऱ्या खेपेनंतर व्यंकटरावांनी यायचं सोडलं. माझी आई पुतळाबाई एकदोनदा सोबत आली, पण डोळ्यांदेखत लेक परक्या भाषेत बोलते आणि आपल्याला कळत नाही म्हणून कंटाळली.

चौथ्या मंगळवारी, येताना, नळदुर्गच्या स्टँडवर चहा पिताना तो गालात हसत होता. मी कारण विचारलं.

"तुमचं मल्याळम..." तो म्हणाला.

"का, वाईट आहे?"

"वाईट नाही. पण सगळं मुलींचं आहे. वेणी घट्ट झाली, तेल संपलं, मेट्रन आली... तुमच्याशी बोलताना मला वाटतं, मी चोरून मुलींच्या होस्टेलमध्ये राहतोय."

"मग मेट्रनला सांगू का?"

"सांगा," तो म्हणाला, "पण थोड्या दिवसांनी..."

मी चहाच्या कपात बघत राहिले. कान मात्र गरम झाले होते.

एप्रिलमध्ये तो रात्रीचे पाच-सहा तास झोपायला लागला. दाढी करायला लागला. आमच्या बौद्ध वस्तीत दोनशे फुटांवर पाणी लागलं, त्या दिवशी तो चिखलानं माखून लहान मुलासारखा हसत होता. माझे वडील, अण्णा, वस्तीचे जुने कारभारी. कोंडिबा म्हटलं की गावात सगळे ओळखत. त्या दिवसापासून संध्याकाळी ते आणि दामोदरन आमच्या लिंबाखाली बसायला लागले. एकमेकांचं अक्षर कळत नसताना दोघं बराच वेळ बोलायचे. मी मध्ये गेले की अण्णा म्हणायचे, "तू जा, आमचं चालू दे."

आणि माझं काय चालू होतं? सोमवारी संध्याकाळी मी पातळाला इस्त्री करायची. का, ते स्वतःला विचारायची नाही. तो माझ्याकडं बघायचा तेव्हा त्याचे डोळे आता थकलेले नसत... आणि तिथंच मला भीती वाटायची. या सगळ्या मुलखात त्याची भाषा बोलणारी मी एकटी होते. मग त्याला मी आवडत होते, की माझ्या तोंडून येणारी त्याची बोली? माझ्या जागी एलियम्मा असती, एखादी म्हातारी बाई असती, तरी त्यानं असंच बघितलं असतं का? हे विचारायचं तरी कुणाला? मनातलं सगळं डॉक्टरांना सांगायचं काम त्याचं होतं. माझं काम फक्त पोचवायचं.

मेच्या दुसऱ्या मंगळवारी डॉक्टरांनी वही मिटली. म्हणाले, याची तब्येत आता बरीच सुधारली आहे. गोळ्या अजून काही महिने लागतील, त्या मी लिहून देतो. पण याला आता घरी पाठवा. आईचं राहिलेलं दुःख त्या घरात, त्या माणसांत बसून करू दे.

मी एक शब्दही न गाळता सगळं त्याला सांगितलं.

त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "हे डॉक्टर म्हणतायत?"

"हो. डॉक्टर म्हणतायत."

"आणि सिस्टर काय म्हणतायत?"

"सिस्टर फक्त त्यांचं तुम्हाला सांगते."

तो हळू, पण अगदी स्पष्ट म्हणाला, "एनिक्कु सिस्टरे इष्टमाणु."

पंखा फिरत होता. डॉक्टर माझ्याकडं बघत होते.

"काय म्हणाले ते?"

"काही नाही..." मी म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी गाळलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मला मल्याळम येत नाही. पण त्यात 'सिस्टर' होतं आणि 'इष्ट' होतं. तेवढं पुरे झालं मला." मग ते गंभीर झाले. म्हणाले, हे इथं, या खोलीत ठरवू नका. तो अजून औषधावर आहे आणि तुम्ही त्याचा आवाज झालेल्या आहात. थोडं लांब जाऊन बघा.

मी तेच केलं. परतीच्या वाटेवर त्याला सांगितलं, "घरी जा. चार महिने सगळ्यांच्या तोंडून तुमची भाषा ऐका. ऐकून ऐकून कान भरू देत. त्यानंतरही मी आठवले तर... तर बघू."

"आणि नाही आठवलात तर?"

"तर बरे झालात म्हणून मला आनंदच होईल," मी म्हणाले. ते खोटं होतं. पण ते त्यानं ओळखावं इतकं वाईटही बोलले नव्हते.

तो गेला. जूनमध्ये पहिलं कार्ड आलं. मला मल्याळम बोलता येई, वाचता येत नसे. त्याला शाळेत हिंदी होतं, म्हणून त्यानं आपली भाषा देवनागरीत लिहिली होती. पोस्टमननं कार्ड वस्तीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि कुणाला काही कळलं नाही. मी मात्र पदर सावरायच्या निमित्तानं घरात पळाले. गोळ्या वेळेवर घेतो, अच्छन — म्हणजे त्याचे वडील — फार बोलत नाहीत, आम्ही दोघं आईच्या खोलीत बसतो, काल दोघंही रडलो... असं असायचं. उघड्या कार्डावर, साऱ्या गावादेखत, तो मला मनातलं लिहीत होता. ऑगस्टमध्ये त्यानं दुसरीचं मराठी पुस्तक मागवलं. मी दुसरी आणि तिसरी, दोन्ही पाठवली.

मग ऑक्टोबरपासून कार्ड यायची थांबली. मी कुणाला काही बोलले नाही. फक्त सोमवारची इस्त्री थांबली.

नोव्हेंबरच्या एका सकाळी अण्णा लिंबाखाली बसले होते आणि फाटकाशी तो उभा राहिला. जरा भरला होता. मी धावत पुढं गेले, तशी त्यानं हात वर केला.

"सिस्टर मध्ये बोलणार नाही," तो मराठीत म्हणाला.

मी दारात थांबले. तो अण्णांसमोर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. "महोदय, मी आपल्या कन्येशी विवाह करू इच्छितो."

आईनं तोंडाला पदर लावला. अण्णा म्हणाले, "आमी बौद्ध हाव. तुमच्या घरी चालंल का?"

तो एकेक शब्द शोधून बोलत होता. "अच्छनला सांगितलं. अच्छन म्हणाला, तू झोपतो, तू जेवतो. मला पुरे."

अण्णांनी मान हलवली. मग विचारलं, "झोप लागती का आता? खरं सांगा."

तो सरळ अण्णांकडं बघत होता. "रोज नाही लागत. महिन्यात चार वेळा, पाच वेळा नाही लागत. तेव्हा मी लपवत नाही. डॉक्टरकडे जातो. काल पण गेलो, सोलापूर. एकटा. मराठीत बोललो."

अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "चंद्रप्रभा, तुझं काय म्हणणं हाय? मला कळंल असं सांग."

इतके दिवस मी त्याचं 'मी' बोलत आले होते. आता माझं बोलायचं होतं.

"मला ते आवडतात, अण्णा," मी म्हणाले. "लई आवडतात."

दामोदरनला कळलं होतं. त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं, त्याला सगळं कळलं होतं. तरी तो माझ्याकडं बघून अगदी साळसूदपणे म्हणाला, "सिस्टर... काय म्हणाल्या?"

मग मी परत सांगितलं.